संघर्षच्या बॅगेतलं खोबरं

१

त्या गुरुवारी आम्ही तिघं हैदराबादला निघालो आणि दोघंच पोचलो. तिसऱ्याला, म्हणजे संघर्षला, विमानाच्या दारातून परत नेलं. आणि तिथं खरं काम होतं ते त्याचंच.

आधीच सांगून टाकतो, विमानाचा प्रवास मला आवडत नाही. लोकांना वाटतं सयाजीनानांची चैन आहे, महिन्यातून चार वेळा उडतात. कसली डोंबलाची चैन? अवसरीहून लोहगावला जायला चाकणच्या गर्दीत तीन तास जातात. तिथं बूट काढा, पट्टा काढा, आरतीच्या ताटात सुपारी ठेवावी तसं घड्याळ ट्रेमध्ये ठेवा. मग विमानात बसायचं आणि जरा कुठं डोळा लागतोय तोवर उतरायचं. ते सव्वा तासाचं उडणं म्हणजे नुसतं निमित्त, बाकी सगळा दिवस रांगेत. त्यात माझे गुडघे असे की मधली सीट मिळाली तर उतरताना दोघांनी धरावं लागतं.

मी डिंगोऱ्याचा. अवसरी खुर्दला आमची भाजीपाल्याच्या बियाण्यांची कंपनी आहे, तिथं मी विक्री बघतो. माझ्या हाताखाली दोन पोरं, संघर्ष आणि सूरज. पोरं म्हणतो खरं, पण दोघंही पस्तिशीचे, लेकराबाळांचे. आठ-नऊ वर्षं आम्ही तिघं मिळून इंदूर, नागपूर, हैदराबाद करतोय. संघर्ष न सांगता मला कडेची सीट देतो आणि स्वतः मधे बसतो. त्याच्या आईनं दिलेल्या भाकऱ्या आम्ही विमानतळावर खातो. तिथला शंभर रुपयांचा वडापाव बघून सूरज नेहमी म्हणतो, तुझ्या आईमुळं आमची इस्टेट वाचली राव.

या खेपेला काम मोठं होतं. लांबच्या प्रवासात न फुटणारा आमचा नवा टोमॅटो तिकडच्या एका मोठ्या रोपवाटिकेला द्यायचा होता. संघर्ष दोन वर्षं त्याच्या मागं होता. हे जमलं की हैदराबादला आमची शाखा निघणार आणि संघर्ष तिचा प्रमुख होणार, असं सगळे धरून चालले होते.

पहाटे कंपनीची गाडी आली. गेणभाऊ ड्रायव्हर घोडेगावहून संघर्षला घेऊन आला, मग मला आणि सूरजला मंचरला घेतलं. समोरच्या काचेपाशी धामणीच्या खंडोबाचा प्रसाद होता, गेणभाऊ आदल्या दिवशीच जत्रेला जाऊन आलेला. राजगुरुनगरच्या पुढं आम्ही चहाला उतरलो. सूरजला झोप आवरत नव्हती, तो गाडीतच राहिला. पुढं विमानतळावर संघर्षची मोठी बॅग सामानात टाकली. तिच्यात बॅनर होते, माहितीपत्रकं होती, त्याचे कपडे होते. सगळं नेहमीसारखंच.

विमानात चढायच्या रांगेत आम्ही उभे होतो तेवढ्यात संघर्षचं नाव पुकारलं. एक बाई येऊन म्हणाली, तुमच्या सामानात काहीतरी सापडलंय, खाली येऊन बॅग उघडून दाखवा. तो गेला. आम्ही बसलो, पट्टे लावले. त्याची सीट रिकामी ती रिकामीच राहिली, आणि दार लागलं.

वर गेल्यावर सूरज म्हणाला, घरची म्हातारी माणसं काय काय टाकतात बॅगेत, देवाचं म्हणून, त्यांना कितीही सांगा. मी म्हणालो, पॉवर बँक राहिली असेल, दर खेपेला कुणाची ना कुणाची राहतेच. मग मी डोळे मिटले. मधली सीट रिकामी असल्यामुळं गुडघ्यांना आराम होता, आणि त्या आरामाची मला लाजही वाटत होती.

हैदराबादला चाकं टेकली. फोन चालू केला तर संघर्षचा निरोप आलेला. बॅगेत शर्टांच्या घडीतून खोबऱ्याची वाटी आणि भंडाऱ्याची पुडी निघाली. सुकं खोबरं सामानात चालत नाही, त्यातल्या तेलानं ते पेट घेतं म्हणून. बॅग रिकामी करून, लिहून देऊन तो वर येईस्तोवर विमान गेलं होतं.

२

काम मात्र झालं, आणि ते सूरजनं केलं. माझं हिंदी ऐकून तिकडचे लोक गालात हसतात, त्यामुळं बोलायला सूरजच उभा राहिला. संघर्षचीच मांडणी, संघर्षचेच आकडे, पण बोलला छान, हे मान्य करायला पाहिजे. संध्याकाळच्या विमानाचं तिकीट साहेबांनी संघर्षला काढू दिलं नाही. आता येऊन काय आरती करणार, असं फोनवर म्हणाले.

आमचे साहेब म्हणजे सावळाराम शेठ. माणूस वाईट नाही, पण चारचौघांत बोलायची वाईट खोड. शुक्रवारी ऑफिसात सगळ्यांच्या देखत त्यांनी संघर्षला उभं केलं. म्हणाले, दोन वर्षांचं काम एका खोबऱ्याच्या वाटीनं घालवत होतास. आईला चार गोष्टी समजावून सांगता येत नाहीत, तो माणूस हैदराबादला वीस जणांना काय सांगणार?

संघर्ष म्हणाला, "साहेब, आईनं ठेवलं नाही."

"मग काय खंडोबा येऊन ठेवून गेला?"

दोघं-तिघं हसले. संघर्षनं पुढं शब्द काढला नाही. साहेबांनी तिथंच सांगून टाकलं की सोमवारपासून त्यानं डिंगोऱ्याचं गोदाम बघायचं, आणि मंगळवारी हैदराबादला सह्या झाल्या की शाखाप्रमुख म्हणून सूरजचं नाव जाहीर होईल.

गोदाम बघायचं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. गोदाम माझ्याच गावात आहे. तिथं पोती आहेत, एक वजनकाटा आहे आणि दुपारी झोपायला बाज आहे. तिथं गेलेला माणूस परत विक्रीत आलेला मी पाहिला नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याला पार्किंगमध्ये गाठलं. म्हणालो, अरे बाबा, आईनं ठेवलं नाही हे तू कशावरून म्हणतोस? म्हातारं माणूस, तुझ्या नकळत ठेवलं असेल. त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, पण मला कसंतरीच झालं. तो म्हणाला, नाना, नाही ठेवलं. त्यापुढं विचारलं तर गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत राहिला. काहीतरी होतं जे तो सांगणार नव्हता.

मी जागेवर येऊन बसलो आणि माझं टाळकं सरकलं. हा पोरगा नऊ वर्षांत एकदाही सबब सांगून सुटलेला नाही. नागपूरला एकदा चुकीचे नमुने गेले होते. चूक गोदामाची होती, तरी हा म्हणाला, माझं बघायचं राहिलं. असा माणूस एकच वाक्य दोनदा म्हणतो आणि गप्प बसतो, तेव्हा ते खरं असतं. मग आईनं ठेवलं नाही तर कुणी ठेवलं? मंगळवारच्या आत मला ते कळायला हवं होतं.

३

बॅगेला कुलूप नव्हतं. बॅनर आणि शर्ट कोण चोरणार, म्हणून कधीच नसायचं. आदल्या दिवसापासून त्या बॅगेला कुणाचे हात लागले असतील, ते मी मोजलं. आई. आमच्या ऑफिसातली हर्षाली, कारण बुधवारी संध्याकाळी छापून आलेले बॅनर ती त्याच्या घरी देऊन आली होती आणि तिनंच ते बॅगेत घडी करून भरले होते. गेणभाऊ, कारण त्यानं बॅग गाडीत चढवली आणि उतरवली. आणि आम्ही दोघं, मी नि सूरज. माझ्यावर माझा संशय नव्हता.

शनिवारी मी हर्षालीसमोर खुर्ची ओढून बसलो. आमची तिकिटं तीच काढते. हैदराबादच्या जागेसाठी तिनंही अर्ज केला होता आणि साहेबांनी तो वाचलासुद्धा नव्हता, म्हणजे चिडायला तिला कारण होतं. मी आडवळणानं विचारायला लागलो तर तिनं हातातलं काम थांबवलं.

"नाना, सरळ विचारा ना, मी ठेवलं का म्हणून."

मग मी सरळ विचारलं. ती म्हणाली, ठेवलं नाही, आणि ठेवायचंच असतं तर संघर्षच्या बॅगेत ते कधीच ठेवलं नसतं. मला वाटलं, मैत्री आहे म्हणून म्हणतेय. तिच्या घरापासून त्याचं घर दोन गल्ल्या पलीकडं. त्याच्या बहिणीच्या, यशोधराच्या लग्नात ही चार दिवस राबली होती. मी म्हणालो, कळलं, तुमचा घरोबा आहे. ती म्हणाली, "घरोबा आहे म्हणूनच म्हणतेय. तुम्ही एकदा जाऊन या त्यांच्याकडं." यापेक्षा जास्त ती बोलेना. म्हणाली, त्याला नको आहे ते मी कशाला बोलू?

उठता उठता मी सहज विचारलं, हा खोबऱ्याचा नियम आपल्या ऑफिसात कुणाकुणाला ठाऊक आहे? मला तर परवापर्यंत ठाऊक नव्हता. ती म्हणाली, मला सूरजमुळं कळला. दोन वर्षांपूर्वी इंदूरला जाताना त्याच्या आईनं बॅगेत प्रसाद ठेवलेला, त्याला असंच खाली बोलावलं होतं. तेव्हा तो लवकर पोचला होता म्हणून विमान मिळालं. तुम्ही त्या खेपेला नव्हता.

गेणभाऊ दुपारी गाडी धूत होता. त्याचंही संघर्षशी फाटलेलं होतं. गाडी चालवताना हा फोनवर बोलतो अशी तक्रार संघर्षनं महिन्यापूर्वी केली होती, आणि साहेबांनी ह्याला पोटभर शिव्या दिल्या होत्या. प्रसाद तर ह्याच्याच गाडीत होता. मी म्हटलं, झालं, इथंच गाठोडं सुटलं.

मी विचारलं तसा तो पाइप बाजूला ठेवून उभा राहिला. त्याला वाईट वाटलेलं दिसलं. म्हणाला, "नाना, देवाचा परसाद मी हातात देतो, कपाळाला भंडारा लावून देतो. चोरून कुणाच्या बॅगंत घालीन व्हय? आन् त्यो इमानात चालत न्हाई, ह्ये मला तुमीच आत्ता सांगताय."

मग तो स्वतःच म्हणाला की प्रसादातली एक वाटी आणि एक पुडी त्या दिवशी कमी झाली होती. लोहगावला आम्हाला सोडून तो परत फिरला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. त्याला वाटलं आमच्यातल्या कुणीतरी भूक लागली म्हणून खोबरं खाल्लं असेल, प्रसादच तो, कुणी खाल्ला तर काय बिघडलं?

म्हणजे खोबरं घोडेगावच्या घरातून आलंच नव्हतं. ते आमच्याच गाडीतून उचललेलं होतं. मला गेणभाऊचं पटत होतं, तरी तो खोटं बोलत नाही कशावरून? आणि एक गोष्ट मी विचारायची विसरलो होतो ती त्यानंच जाता जाता सांगितली. संघर्षला घ्यायला गेला की तो दर वेळी आत बसून चहा घेतो. म्हणाला, त्याची आई, केशरबाई, माझ्या थोरल्या बहिनीसारखी हाय. तिचं नाव कोन घ्यायलंय ह्यात?

मी साहेबांचं नाव सांगितलं नाही.

४

रविवारी सकाळी मी घोडेगावला गेलो. एसटी स्टँडच्या मागं विचारत विचारत घर सापडलं. पुढं पत्र्याची पडवी, तिच्यात कुंड्या. संघर्ष नव्हता, शेतावर गेला होता. केशरबाई दारातच पालक निवडत बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, पण नजर तल्लख. मी नाव सांगितलं तशा उठल्या. "तुमी सयाजीनाना का? तुमाला बाजरीची भाकर सोसत न्हाई म्हनून मी ज्वारीची देते बरं का." मला हे माहीतच नव्हतं. मला वाटायचं ते लोक ज्वारीच खातात.

आत नेऊन खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, चहा टाकला. गेल्या गुरुवारचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. विमान चुकलं, एवढंच संघर्षनं सांगितलेलं. गोदामाचं तर नावही काढलं नव्हतं. आता मी पेचात पडलो, कारण विचारायचं तर सगळं सांगायला लागणार. म्हटलं, आलोय तर विचारू या.

मी घसा खाकरून म्हणालो, मावशी, राग मानू नका, पण त्या दिवशी संघर्षच्या बॅगेत तुम्ही चुकून प्रसाद ठेवला होता का? खंडोबाचा. खोबरं आणि भंडारा.

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढं ठेवला. मग त्यांनी मला अगदी शांतपणे विचारलं, "पावनं, तुमी कुनाच्या घरात बसलाय?"

मी मान वर केली. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. खालच्या फळीवर बुद्धाची पितळी मूर्ती, पुढं ताजी फुलं आणि अर्धी जळलेली मेणबत्ती. देव्हारा कुठंच नव्हता. मी आत आल्यापासून तिकडंच तोंड करून बसलो होतो.

"माझा सासरा छप्पन साली नागपूरला जाऊन आला," केशरबाई म्हणाल्या. "आल्यावर घरातलं समदं देव त्यानं नदीला न्हेऊन दिलं. मी ह्या घरात लगीन करून आले त्यालाबी पन्नास वर्सं झाली. भंडाऱ्याची पुडी ह्या उंबऱ्याच्या आत आलेली मी बगितली न्हाई. दुसऱ्याच्या देवाला आमी नावं ठेवत न्हाई, शेजारी दिला तर हात जोडून घेतो. पन माझ्या लेकाच्या बॅगंत मी कशाला घालीन?"

मी चहा प्यायलो, पण तो कडू होता का गोड ते आजही सांगता येणार नाही. निघताना त्यांनी विचारलं, "माझ्या लेकाचं काय वाईट झालंय का?" मी म्हणालो, अजून नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि त्या पुन्हा पालक निवडायला बसल्या.

घोडेगावहून परतताना एसटीत बसल्या बसल्या मला सगळा उलगडा झाला. ज्यानं खोबरं ठेवलं त्याला ते आईनं ठेवलंय असं दिसायला हवं होतं, म्हणून तर ते शर्टांच्या घडीत खुपसलेलं. हर्षाली हे कधीच करणार नाही, तिनं ह्या घरातलं लग्न पाहिलंय. गेणभाऊ करणार नाही, तो त्याच भिंतीसमोर बसून चहा पितो. ह्या घरात पाय ठेवलेला माणूस आणखी कसलीही युक्ती काढेल, ही काढणार नाही. ही युक्ती त्यालाच सुचेल ज्याला वाटतं की सगळ्यांच्या आया आपल्या आईसारख्याच प्रसाद देतात.

आणि मग विमानातलं बोलणं आठवलं. खाली बॅगेत काय निघालं ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता, आमचे फोन बंद होते, संघर्षचा निरोप तर उतरल्यावर मिळाला. मी पॉवर बँक म्हणालो. देवाचं म्हणणारा एकच माणूस होता.

५

मंगळवारी सह्यांसाठी साहेब, सूरज आणि मी निघालो. साहेब नेहमीसारखे पहिल्या ओळीत, पाय लांब करायला जागा मिळते म्हणून. आमच्या सीटा पार मागं. हर्षालीला सांगून मी त्या मुद्दाम घेतल्या होत्या, सूरजला खिडकी आणि मला मधली. गुडघ्यांनी तेव्हाच शिव्या द्यायला सुरुवात केली. कडेला एक तरुण होता, त्यानं कानात बोंडं घालून बसल्या बसल्या झोप काढली.

सूरज नवा शर्ट घालून आला होता. मला म्हणाला, नाना, आज तुम्ही मधे कसे? मी म्हणालो, आज मला बोलायचंय आणि तुला सव्वा तास कुठं जाता येणार नाही.

विमान वर गेलं, पट्ट्याचा दिवा विझला. मी आवाज न चढवता सगळं सांगितलं. प्रसादातली वाटी कधी कमी झाली, चहाच्या वेळी गाडीत कोण होतं, इंदूरला कुणाची बॅग उघडली होती. तो आधी हसला. म्हणाला, गेणभाऊनं ठेवलं असेल, त्याचाच प्रसाद, संघर्षवर त्याचा राग पण होता. मी म्हणालो, गेणभाऊ ते घर ओळखतो.

"ओळखतो म्हणजे?"

"संघर्षच्या घरी देव्हारा नाही सूरज. बुद्धाची मूर्ती आहे. त्याची आई खंडोबाचा प्रसाद कुठून देणार?"

हे त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. ते त्याच्या तोंडावर इतकं स्पष्ट दिसलं की मला त्याची दयासुद्धा आली. संघर्ष कोण आहे हे माहीत नव्हतं असं नाही, ते आपल्याकडं सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं. पण त्या माहितीचा घराशी, आईशी, बॅगेत काय ठेवतात याच्याशी संबंध असतो, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. एकमेकांच्या घरी जाणंयेणं नसलं की असं होतं.

तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसते ढग. मग म्हणाला, "नाना, मला फक्त त्याचं एक विमान चुकवायचं व्हतं. संध्याकाळच्या विमानानं येईल म्हणलं. नऊ वर्षं तो बोलतो आणि मी पेनड्राइव्ह लावतो. एकदा मला बोलायचं व्हतं."

"आणि गोदाम?"

"ते साहेबांनी केलं. मी नाय सांगितलं."

"तू थांबवलंस का?"

समोरून खाण्याची गाडी आली, हवाई सुंदरीनं सँडविच पाहिजे का विचारलं, आम्ही दोघांनीही नको म्हणून मान हलवली. मी त्याला म्हणालो, तुझं घर, तुझी लेकरं, मला सगळं दिसतंय. गाठोडं मी सोडू शकतो, पण तुझ्या तोंडून सुटलं तर साहेब तुला निदान उभं राहू देतील. सामानाच्या पट्ट्यापाशी आपण पाच-दहा मिनिटं उभे असू. तेवढ्यात तू बोललास तर ठीक, नाहीतर मी बोलेन.

विमान खाली यायला लागलं. चाकं टेकली न टेकली तोच सगळे उठून डोक्यावरचे कप्पे उघडायला लागले, दार उघडायला अजून वेळ असतानाही. सूरज मात्र पट्टा न काढता बसून राहिला. माझ्या मनात आलं, हा काही बोलणार नाही, हे मलाच करायला लागणार.

६

सामानाचा पट्टा रिकामाच फिरत होता. साहेब फोनवर सह्यांची वेळ पक्की करत होते. त्यांचं बोलणं संपलं तसा सूरज माझ्या बाजूनं पुढं गेला. मला धक्का लागला तरी त्यानं मागं पाहिलं नाही. साहेबांच्या पुढं उभं राहून त्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं, खोबरं कुठून उचललं इथपासून. स्वतःची बाजू म्हणून त्यानं एकही शब्द वापरला नाही, हे त्याच्या नावावर लिहायला पाहिजे.

साहेब आधी माझ्याकडं बघायला लागले, जणू ही चूक माझी. मग मी घोडेगावचं सांगितलं. केशरबाई काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, अरे, पण मग हा पोरगा बोलला का नाही? त्या दिवशी एवढं एक वाक्य बोलला असता तर मी तिथंच थांबलो असतो की. आमच्यात हे चालत नाही, एवढंच सांगायचं होतं.

मी म्हणालो, त्यालाच विचारा.

त्यांनी तिथंच फोन लावला आणि मलाही ऐकू यावा म्हणून मोठा केला. संघर्ष गोदामात होता, मागं पोती पडल्याचा आवाज येत होता. साहेब म्हणाले, सूरजनं सगळं कबूल केलंय, तू आजच्या आज निघ, संध्याकाळच्या विमानाचं तिकीट हर्षाली काढेल, सह्या उद्यावर ढकलतो, शाखा तुझीच. पलीकडून नुसतं हं आलं. साहेबांना ते पुरेना. त्यांचा आवाज चढला, म्हणजे ते दुखावले होते.

"पण लेका, तू तेव्हाच का नाही सांगितलंस, आम्ही बौद्ध आहोत, आमच्या घरात भंडारा येतच नाही म्हणून? मला काय स्वप्न पडणार होतं?"

मागचा पोत्यांचा आवाज थांबला. मला वाटलं फोन तुटला.

"साहेब, मी सांगितलं होतं. आईनं ठेवलं नाही, असं म्हणालो होतो. सूरजनं हेच वाक्य म्हटलं असतं तर तुम्ही त्याला पुढं काही विचारलं असतं का?"

साहेब फोन हातात धरून उभे राहिले. आमच्या बॅगा आल्या आणि पट्ट्यावरून पुढं निघून गेल्या.